रेल्वे स्टेशनजवळच्या छोट्या हॉटेलातला मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या स्टेशनाला लागून असलेल्या हॉटेलात आपण पैसे मोजतो ते जागेच्या मोक्यासाठी, ऐसपैस खोलीसाठी नाही. तो सौदा फायद्याचा ठरतो की रात्रभर कूस बदलत काढावी लागते, हे बुकिंगआधी विचारलेल्या चारपाच नेमक्या प्रश्नांवर अवलंबून असतं. खालची उत्तरं कोणत्याही शहरात लागू पडतील अशी आहेत.

बुकिंग करण्यापूर्वी

खोली १२ चौरस मीटर आहे असं लिहिलंय. म्हणजे नक्की केवढी?

सुमारे १३० चौरस फूट. पण हा आकडा फसवा आहे, कारण बहुतेक ठिकाणी त्यात बाथरूम धरलेलं असतं. हिशेब असा: बाथरूमला अडीच ते तीन चौरस मीटर, दारापाशी असलेल्या बोळाला दीड आणि १४० बाय २०० सेंटिमीटरच्या पलंगाला २.८. टेबल, खुर्ची आणि कपाट वजा केलं की पाय ठेवायला साडेतीन-चार चौरस मीटर उरतात. आता ७५ सेंटिमीटर उंचीची मोठी बॅग जमिनीवर पूर्ण उघडून बघा. ती एकटीच पाऊण चौरस मीटर खाते. दोघांच्या दोन बॅगा एकदम उघडल्या की बाथरूमपर्यंत जायला वाट राहत नाही.

म्हणून क्षेत्रफळापेक्षा मांडणी विचारा. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उतरता येतं का? पलंगाखाली मोकळी जागा आहे की खालपर्यंत बंद पेटी आहे? पलंगाखाली ३० सेंटिमीटर मोकळी जागा असलेली ११ चौरस मीटरची खोली १४ चौरस मीटरच्या आडमुठ्या खोलीपेक्षा सोयीची पडते, कारण बॅगा आत सरकवता येतात.

फोटोत खोली मोठी दिसते. खरं माप कसं ओळखायचं?

हॉटेलांचे फोटो रुंद कोनाच्या भिंगाने, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून काढलेले असतात. अशा फोटोत कडेच्या वस्तू ताणल्या जातात. फोटोच्या मधोमध असलेली आणि माप ठाऊक असलेली एखादी वस्तू शोधा. दार साधारण २ मीटर उंच आणि ८० ते ९० सेंटिमीटर रुंद असतं, पलंग २ मीटर लांब असतो. पलंगाचं टोक आणि समोरची भिंत यांच्यात दाराच्या रुंदीइतकीही जागा दिसत नसेल, तर तिथे बॅग उघडी ठेवता येणार नाही. हॉटेलाने एकाच खोलीचे सहा फोटो दिलेत आणि एकातही जमीन दिसत नाही, तर कारण उघड आहे.

‘डबल’ आणि ‘ट्विन’ यांत फरक काय?

डबल म्हणजे दोघांसाठी एकच पलंग, ट्विन म्हणजे दोन वेगळे. पण छोट्या हॉटेलांत दोन्ही शब्द सैल वापरतात. डबल कधी १६० सेंटिमीटर रुंद असतो, कधी १४० आणि जुन्या इमारतींत १३५ सुद्धा. १४० म्हणजे माणशी ७० सेंटिमीटर, म्हणजे बाळाच्या पाळण्यातल्या गादीएवढी रुंदी. दोघेही सडपातळ आणि शांत झोपणारे असतील तर एक रात्र निभते.

ट्विनमध्ये ९० सेंटिमीटरचे दोन पलंग असायला हवेत. ते कधी एकाच चौकटीवर जोडून ठेवलेले असतात आणि वेगळे करायला खोलीत जागाच नसते. सहकाऱ्याबरोबर खोली घेत असाल तर ‘पलंग वेगळे करता येतात का आणि मध्ये किती अंतर राहतं’ हे लेखी विचारून घ्या. पलंग एका बाजूने भिंतीला टेकलेला असेल तर आतल्या माणसाला रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडावं लागतं, हेही ध्यानात ठेवा.

खिडकी नसलेली खोली स्वस्त मिळते. घ्यावी का?

एका रात्रीसाठी, उशिरा पोहोचून पहाटे निघणार असाल तर खुशाल घ्या. अशी खोली बहुधा हॉटेलातली सर्वांत शांत आणि अंधारी खोली असते. प्रश्न हवेचा आहे. दोन माणसं बंद खोलीत झोपली आणि हवा खेळती नसेल, तर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सकाळपर्यंत २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २००० भाग) सहज वर जातं. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असतं. डोकं जड होऊन जाग येते ती त्यामुळेच.

खोलीत शिरल्यावर एक साधी चाचणी करा. टॉयलेट पेपरचा एक पदर बाथरूममधल्या एक्झॉस्टच्या जाळीला लावून सोडा. चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय. खाली पडला तर लगेच खोली बदलून मागा. अशा खोलीत बाहेरची हवा बहुतेकदा मुख्य दाराखालच्या फटीतून येते. त्यामुळे बोळातला आवाज अडवायला त्या फटीत टॉवेल कोंबायची लोकांना सवय असते, ती इथे महागात पडते.

‘खिडकी आहे’ या उत्तरावरही समाधान मानू नका. खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या पाइपांच्या बंदिस्त पोकळीत, उघडत असेल तर उजेड नाही, हवा नाही आणि समोरच्या बाथरूमचे आवाज मात्र येतात. खिडकी कुठे उघडते, असं विचारा.

‘स्टेशनपासून २ मिनिटं’ यावर विश्वास ठेवावा का?

कुठल्या दारापासून, हे कळल्याशिवाय नाही. तोक्योच्या शिंजुकु स्टेशनला दोनशेहून अधिक दरवाजे आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर ‘२ मिनिटां’ची पंधरा होतात. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींत ८० मीटर म्हणजे १ मिनिट असं ठरलेलं गणित आहे. हॉटेलांना असं बंधन बहुतेक ठिकाणी नसतं. चाकांची बॅग ओढत, सिग्नलला थांबत माणूस मिनिटाला ५०-६० मीटरच चालतो.

त्यातही फलाटावरचं अंतर कुणी धरत नाही. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या ४०० मीटरपर्यंत लांब असतात. शेवटच्या डब्यातून उतरून दुसऱ्या टोकाच्या दाराकडे जाणं हेच सहा-सात मिनिटांचं काम आहे. हॉटेलला विचारायचं ते इतकंच: जवळच्या दाराचं नाव किंवा क्रमांक काय, तिथे लिफ्ट आहे की फक्त जिना, आणि रात्री ते दार कधी बंद होतं. मोठ्या स्टेशनांचे आडबाजूचे दरवाजे रात्री लवकर बंद होतात.

आणि स्टेशन कोणतं, हेही तपासा. पॅरिससारख्या शहरात लांब पल्ल्याच्या गाड्या अर्धा डझन वेगवेगळ्या स्टेशनांवरून सुटतात. हॉटेलाच्या नावात ‘सेंट्रल’ असलं म्हणून ते तुमच्या गाडीच्या स्टेशनाजवळ असेलच असं नाही. तिकिटावरचं नाव आणि नकाशावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा.

आवाजाचं काय?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, आणि सर्वाधिक गैरसमजही याच विषयात.

पहिला गैरसमज: रुळांकडची खोली सर्वांत वाईट. स्टेशनात गाड्या हळू येतात आणि प्रवासी गाड्या मध्यरात्रीनंतर बऱ्याच ठिकाणी धावायच्या थांबतात. स्टेशनासमोरचा चौक मात्र थांबत नाही. टॅक्सी, शेवटच्या गाडीनंतरची गर्दी, पहाटे चार-पाचला कचऱ्याची गाडी, दुकानांचा माल उतरवणारे ट्रक. कितीतरी हॉटेलांत रुळांकडची बाजू रस्त्याकडच्या बाजूपेक्षा शांत असते.

स्टेशनाचा प्रकार बघा. जिथे मार्ग संपतो अशा टर्मिनसवर गाड्या रांगत येतात आणि मालगाड्या सहसा फिरकत नाहीत. ज्या स्टेशनातून रूळ आरपार जातात तिथे मालगाड्या बहुधा रात्री जातात, कारण दिवसा रूळ फारसे मोकळे नसतात. नकाशावर हॉटेलाजवळ रूळ झटकन वळताना किंवा एकमेकांना छेदताना दिसले, तर चाकं घासल्याची किंचाळी आणि सांध्यांची खडखड ऐकायची तयारी ठेवा. सरळ रुळालगतचं हॉटेल त्या मानाने परवडतं.

दुसरा गैरसमज: थोडं लांबचं हॉटेल घेतलं की काम झालं. रस्ता किंवा रूळ हा रेषेसारखा ध्वनिस्रोत आहे. अंतर दुप्पट केलं तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो, म्हणजे ५० मीटरऐवजी १०० मीटरवर गेलात तर कानाला फरक जेमतेम कळतो. त्याच इमारतीत मागच्या अंगणाकडची खोली घेतली तर १० डेसिबलहून जास्त फरक पडतो. हॉटेल बदलण्यापेक्षा खोलीची दिशा बदला.

तिसरा: दुहेरी काचेची खिडकी सगळं थांबवते. ती माणसांचे आवाज, हॉर्न, उद्घोषणा चांगल्या अडवते. मालगाडीची किंवा बसच्या इंजिनाची खोल घरघर तिला फारशी जुमानत नाही. आणि खिडकी बंद असेपर्यंतच तिचा उपयोग, म्हणजे एसी किंवा यांत्रिक वायुवीजन हवंच. इमारतीखालून मेट्रो जात असेल तर कंपन भिंतींतून वर येतं आणि खालच्या मजल्यांवर जास्त जाणवतं. त्यावर कानातले बोळे चालत नाहीत, वरचा मजला मागणं हाच उपाय.

पण अगदी शेवटचा मजलाही नको. गच्चीवर एसीची यंत्रं आणि लिफ्टची मोटर असते. लिफ्टला चिकटलेली, बर्फाच्या मशीनसमोरची आणि नाश्त्याच्या हॉलवरची खोलीही टाळा. हॉटेलला असा निरोप पाठवा: ‘अंगणाकडची, लिफ्टपासून दूर, मधल्या मजल्यावरची खोली शक्य असल्यास द्यावी. झोप हलकी आहे.’ ‘शांत खोली द्या’ एवढंच लिहिलंत तर ते कुठलीही देतील, कारण त्यांच्या मते सगळ्याच शांत असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबल आणि एकेका आवाजासाठी ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप अचूक नसतं, पण दोन खोल्यांची तुलना करायला पुरतं.

कानातले फोमचे बोळे घातले तरी ऐकू येतं, असं का?

नीट बसलेले नसतात म्हणून. बोळा बोटांत पिळून बारीक, सुरकुती नसलेली वळी करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोटाने धरून ठेवा. निम्म्याहून अधिक बोळा बाहेर दिसत असेल तर पुन्हा घाला. पहाटेची गाडी असेल तर फोन कंपनावर ठेवून उशीखाली सरकवा, नाहीतर गजरही ऐकू येणार नाही.

पोहोचणं आणि निघणं

गाडी मध्यरात्रीनंतर पोहोचते. कोणत्या तारखेचं बुकिंग करायचं?

आदल्या दिवसाचं. १५ तारखेला रात्री १२:४० ला पोहोचणार असाल तर रात्र १४ तारखेची. १५ चं बुकिंग केलंत तर खोली १५ च्या दुपारी मिळेल आणि रात्र बाकड्यावर काढावी लागेल. ही चूक नेहमीची आहे, आणि रिसेप्शनवरच्या माणसाच्या हातात तेव्हा फारसं काही उरत नाही.

गाडी लेट झाली तर खोली हातची जाते का?

कळवलं नाही तर जाऊ शकते. ठरलेल्या वेळेपर्यंत पाहुणा आला नाही की हॉटेल ‘आलाच नाही’ अशी नोंद करतं, आणि अनेक ठिकाणी त्या नोंदीबरोबर पहिलीच नाही तर पुढच्या सगळ्या रात्री रद्द होतात. पैसे आधी भरले असले तरी फोन करा. गाडीचा क्रमांक सांगा, उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

छोट्या हॉटेलांत रिसेप्शन चोवीस तास असेलच असं नाही. रात्री दहा-अकरानंतर बाहेरच्या दाराचा कोड आणि किल्लीची पेटी अशी व्यवस्था असते. तो कोड प्रवासाला निघण्याआधी मागून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. इंटरनेट बंद आणि बॅटरी ५ टक्के, अशा वेळी ई-मेल शोधणं नको. कोड कागदावर लिहिलेला असेल तर आणखी बरं.

खोली दुपारी मिळणार, गाडी सकाळी सातला पोहोचते. काय करावं?

चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी २ किंवा ३ ला आणि चेक-आउट सकाळी १० ते १२ च्या दरम्यान असतं. मधल्या वेळेत सफाई होते. छोटी खोली आवरायला २०-३० मिनिटं लागतात, पण सफाई कर्मचारी हातातल्या यादीच्या क्रमाने जातात. म्हणून ‘लवकर खोली द्या’ म्हणण्यापेक्षा ‘माझी खोली यादीत वर घेता येईल का’ असं विचारा. रात्री रिकामी राहिलेली खोली असेल तर ती लगेचही मिळून जाते. खात्रीच हवी असेल तर आदल्या रात्रीचं भाडं भरण्याला पर्याय नाही. लहान मूल किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर ते पैसे भरावेत.

सामान हॉटेलात ठेवावं की स्टेशनच्या लॉकरमध्ये?

त्याच हॉटेलात राहणार किंवा राहिला असाल तर हॉटेलात. बहुतेक ठिकाणी त्या दिवसापुरतं फुकट असतं. मात्र छोट्या हॉटेलांत सामानाची वेगळी खोली नसते, जिन्याखाली दोरी लावून बॅगा ठेवलेल्या असतात. टोकन मागा. टोकन देत नसतील तर बॅगेचा, तिच्यावरच्या पट्टीसकट, तिथेच फोटो काढा. पासपोर्ट, औषधं, लॅपटॉप आणि चार्जर जवळ ठेवा.

लॉकरचा फायदा एकच: शेवटच्या क्षणी हॉटेलकडे परत जावं लागत नाही. पण लॉकर तीन मापांचे असतात आणि मोठे सकाळीच भरतात. स्टेशन रात्री बंद होत असेल तर लॉकरही बंद. ते कधी उघडतं हे बघूनच सामान ठेवा.

पहाटे साडेपाचची गाडी आहे. किती वाजता खोली सोडावी?

फलाटापर्यंतचं चालणं (वर सांगितलं तसं खरं मोजलेलं) अधिक पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं कुठे जातात? एकच लिफ्ट असते आणि पहाटे सगळे एकदम खाली येतात. बिल आदल्या रात्रीच चुकतं करा. नाश्ता भाड्यात असेल तर तो बांधून मिळतो का हेही आदल्या संध्याकाळीच विचारा, कारण स्वयंपाकघर रात्री बंद असतं.

खोलीत

कार्डची किल्ली चालेनाशी का होते?

दोन प्रकारची कार्डं असतात. पाठीवर काळी-तपकिरी पट्टी असलेलं कार्ड चुंबकाने पुसलं जातं. फोनच्या कव्हरमधलं किंवा पर्सच्या बकलातलं चुंबक त्याला पुरतं. नुसतं टेकवायचं कार्ड चुंबकाला भीत नाही. ते बंद पडलं तर बहुधा त्यात भरलेली वेळ संपलेली असते. मुक्काम एक दिवस वाढवला आणि कार्ड नव्याने भरून घेतलं नाही, तर दुपारी बाराला दार उघडत नाही. दोन्ही कार्डं एकदम बंद पडली तर संशय कुलुपातल्या बॅटरीवर घ्या. रिसेप्शनला तसं सांगितलंत की ते थेट माणूस पाठवतात, नाहीतर तुम्हाला कार्ड बदलायला दोन खेपा घालाव्या लागतात.

दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय वीज येत नाही. कार्ड काढलं की काही हॉटेलांत फ्रिज आणि चार्जिंगही थांबतं. इन्शुलिनसारखं औषध फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर कुठला सॉकेट कायम चालू राहतो ते विचारा, किंवा औषध रिसेप्शनच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या.

बाथरूममध्ये गटाराचा वास येतो. पाइप फुटलाय का?

बहुधा नाही. जमिनीवरच्या जाळीखाली पाण्याचा एक थर असतो, तो गटाराची हवा अडवतो. खोली काही दिवस रिकामी असली की तो सुकतो. जाळीत दोन पेले पाणी ओता, एक्झॉस्ट चालू ठेवा, अर्ध्या तासात वास जायला हवा. नाही गेला तर खोली बदला.

छोट्या हॉटेलांतलं बाथरूम पुष्कळदा कारखान्यात तयार होऊन येतं आणि इमारतीत बसवलं जातं. ही पद्धत गाजली ती १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकच्या वेळी, हॉटेल न्यू ओतानी घाईने उभारताना. जोड कमी म्हणून गळती कमी. पण उंबरठा उंच असतो, रात्री पाय अडखळतो. शॉवरचा पडदा असेल तर त्याची खालची कड टबाच्या आत सोडा. आणि गरम पाण्याने आंघोळ करून बाथरूमचं दार सताड उघडू नका. एवढ्याशा खोलीत वाफ थेट धुराच्या सेन्सरवर जाते आणि अख्खा मजला जागा होतो.

काचेच्या भिंतीचं बाथरूमही छोट्या खोल्यांत आढळतं, खोली मोठी भासावी म्हणून. ज्याच्याबरोबर राहणार त्याच्याशी तुमचं नातं त्या काचेला पेलणारं आहे का, हे फोटो बघून आधीच ठरवा.

एसी गरम हवाच देतोय, थंड करता येत नाही.

इमारतीत एसीला गरम-थंड पाणी पुरवणारी एकच पाइपजोडी असेल तर एका वेळी सगळ्या हॉटेलला गरम तरी मिळतं नाहीतर थंड तरी. ऋतू बदलताना हॉटेल एका दिवशी व्यवस्था पालटतं. त्या आठवड्यात खोलीतल्या रिमोटशी झटापट करून उपयोग नाही. पंखा मागा.

सॉकेट किती असतात? हेअर ड्रायर, इस्त्री चालेल का?

जुन्या इमारतींत दोन धरून चाला. एक टेबलाशी, एक टीव्हीच्या मागे. छोटी एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर ठेवा. चार्जरवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर फक्त प्लगचा आकार बदलणारा अ‍ॅडॉप्टर पुरतो. अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही. ११० व्होल्टचा ड्रायर २३० ला लावला तर तो जळतो. आरशाशेजारचा दाढीच्या मशीनचा सॉकेट मोठ्या उपकरणांसाठी नसतो.

वाय-फाय बाथरूममध्ये येतो, टेबलाशी येत नाही!

राउटर बोळात असतो आणि मध्ये बाथरूमच्या टाइल्स, पाइप, आरसा. टेबल खिडकीशी. फोन २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर टाकून बघा, ते भिंतींतून बरं येतं. लॉगिनचं पान उघडत नसेल तर व्हीपीएन तात्पुरतं बंद करा.

ढेकूण आहेत का, हे कसं बघायचं?

रोज नवा पाहुणा, रोज नव्या बॅगा, त्यामुळे स्टेशनजवळच्या हॉटेलांत हा धोका थोडा जास्त असतो. त्याचा स्वच्छतेशी थेट संबंध नाही, चकाचक हॉटेलांतही ढेकूण सापडतात. आत गेल्यावर बॅग पलंगावर टाकू नका, बाथरूमच्या फरशीवर ठेवा. फोनचा टॉर्च लावून गादीच्या चारही कोपऱ्यांची शिवण, उशाकडच्या फळीची मागची फट आणि पलंगाच्या चौकटीचे सांधे बघा. शाईचे बारीक ठिपके पडावेत तसे काळे डाग, फिकट रंगाची कात किंवा ४-५ मिलिमीटरचा चपटा तपकिरी किडा दिसला तर फोटो काढून खाली जा. बदलून दिलेली खोली शेजारची, बरोबर वरची किंवा खालची नको, कारण ते भिंतींतून फिरतात.

घरी गेल्यावर कपडे ६० अंशांवर धुवा किंवा ड्रायरमध्ये अर्धा तास कडक फिरवा. धुता न येणाऱ्या वस्तू उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवल्या तरी चालतं.

खोली आवडली नाही. बदलून कधी मागावी?

पहिल्या दहा मिनिटांत. पलंगावर बसू नका, बाथरूम वापरू नका, बॅग उघडू नका. वापरलेली खोली पुन्हा सफाईच्या यादीत जाते आणि संध्याकाळी सफाईचा माणूस नसतो. नकार मिळतो तो बहुतेकदा एवढ्याच कारणाने. तक्रार मोघम नको: ‘एक्झॉस्ट हवा ओढत नाही’, ‘खिडकी नीट लागत नाही’ असं सांगितलं तर उत्तर लवकर मिळतं.

आग लागली तर?

खोलीत आल्यावर आपल्या दारापासून आपत्कालीन जिन्यापर्यंत मध्ये किती दारं आहेत ती मोजा. धुरात पाटी दिसत नाही, भिंतीला हात लावून दारं मोजता येतात. वरच्या मजल्यांच्या खिडक्या सुरक्षेसाठी बहुधा वीतभरच उघडतात, ती वाट धरू नका. लिफ्ट वापरायची नाही. बाहेर पडताना कार्ड बरोबर घ्या, कारण बोळात धूर असेल तर खोलीतच परतावं लागतं.

चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांनी काय विचारावं?

‘सोयीची खोली आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं सोपं असतं. मापं विचारा. दाराची मोकळी रुंदी निदान ८० सेंटिमीटर, खुर्ची पूर्ण वळवायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा, लिफ्टचा आतला भाग ११० बाय १४० सेंटिमीटर. मुख्य दारापाशी पायऱ्या किती, शॉवरला उंबरठा आहे का आणि पलंगाच्या कोणत्या बाजूला जागा आहे, याचे फोटो मागवा. जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत पोहोचायला तीन पायऱ्या असतात.

लहान मुलासाठी वेगळी खाट मिळेल का?

मिळते, पण ६० बाय १२० सेंटिमीटरची खाट घातली की बाथरूमचं दार उघडत नाही असं घडतं. बुकिंगआधी विचारा. मोठ्या मुलासाठी जादा गादी बहुतेक छोट्या हॉटेलांत नाकारतात. त्यात आडमुठेपणा नसतो, खोलीत किती माणसं ठेवायची हे अग्निसुरक्षेच्या परवान्यात ठरलेलं असतं.

कार्डवर जास्त पैसे अडकवून ठेवलेत, असं का?

ती अनामत आहे. क्रेडिट कार्डवर ती फक्त रोखलेली रक्कम असते. डेबिट कार्डावर मात्र खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला काही दिवस लागतात. प्रवासात हाताशी मोजकेच पैसे असतील तर अनामतीला डेबिट कार्ड देऊ नका. काही शहरांत पर्यटक कर वेगळा, हॉटेलात पोहोचल्यावर भरावा लागतो.

कॅप्सूल हॉटेल हा पर्याय कसा आहे?

१९७९ मध्ये ओसाकात किशो कुरोकावा या वास्तुविशारदाने पहिलं कॅप्सूल हॉटेल उभं केलं, शेवटची गाडी चुकलेल्यांची त्यात मोठी सोय झाली. साधारण २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि तेवढीच उंच पेटी, दाराऐवजी बहुधा पडदा. मोठी बॅग आत मावत नाही, लॉकरही लहान असतात. घोरण्याचे आवाज गृहीत धरा. वरची पेटी घेतली तर रात्री शिडी उतरावी लागते, पण डोक्यावर कुणी चढत-उतरत नाही.

अशा हॉटेलात किती रात्री काढाव्यात?

एक ते तीन. चौथ्या रात्रीपासून कपडे वाळत घालायला, बसून काम करायला जागा हवीशी वाटते आणि स्टेशनाजवळ असल्याचा फायदा रोज लागत नाही. मग दोन-तीन थांबे लांबचं मोठं हॉटेल बरं. एकाच मुक्कामावरून रोज वेगळ्या गावी गाडीने जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर मात्र छोट्या खोलीतही आठवडा काढावा, रोजचा तास-दीड तास वाचतो.

निघताना सर्वांत जास्त काय विसरतं?

पलंगाच्या मागच्या सॉकेटमधला चार्जर. त्याखालोखाल बाथरूमच्या दारामागच्या खुंटीवरचे कपडे, तिजोरीतला पासपोर्ट आणि पलंगाखाली सरकवलेली दुसरी बॅग. तिजोरीत काही ठेवलं असेल तर एक बूट तिच्यासमोर ठेवा, बूट घातल्याशिवाय कुणी निघत नाही. फलाटावर आठवण झाली तर आधी हॉटेलला फोन करा आणि मग गाडीची वेळ बघा. हॉटेल जवळच आहे, पण खोली उघडून वस्तू शोधायला रिसेप्शनवरच्या एकट्या माणसाला जागा सोडावी लागते, त्यात दहा मिनिटं जातात. तेवढा वेळ नसेल तर वस्तू पाठवून द्यायला सांगा, पत्ता लेखी कळवा आणि टपालखर्च तुम्ही देणार हेही त्यातच लिहा.